सॅम्युएलची आई

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

घेतली! माझी कादंबरी घेतली त्यांनी. नातीला, आरोहीला, स्कूलबसमध्ये बसवून आले, चहा ठेवला, मेल उघडली आणि चहा सगळा शेगडीवर उतू गेला. जाऊ दे. सदुसष्टाव्या वर्षी बाईची पहिली कादंबरी छापून येतेय म्हटल्यावर शेगडी कोण पुसत बसतंय.

पेनसिल्व्हेनियातली छोटीशी प्रकाशनसंस्था आहे. फक्त ख्रिस्ती कादंबऱ्या छापतात, त्यातही वसाहतीच्या काळातल्या, सरहद्दीवरच्या. ओंडक्यांची घरं, लांडगे, बर्फ, प्रार्थना आणि शेवटी लग्न. चर्चच्या लायब्ररीतून मी वीस वर्षं अशा पुस्तकांचा फडशा पाडतेय, तेव्हा कुठे एक लिहायची हिंमत झाली. तिथल्या संपादक मार्जरीबाई लिहितात की अहमदनगरहून आलेल्या निवृत्त नर्सने १७५५चा व्हर्जिनिया लिहावा याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

कौतुकाच्या खाली मात्र दोन पानं दुरुस्त्या. पहिली किल्ल्याची. माझ्या किल्ल्याला दगडी बुरूज आहेत, खंदक आहे, खंदकावर पूल आहे. बाई म्हणतात, शेनान्डोआच्या खोऱ्यात तेव्हा किल्ला म्हणजे टोकदार ओंडक्यांचं कुंपण आणि आत चार खोपटी. बाई गं! मी आमचा नगरचा भुईकोट जसाच्या तसा उचलून इथे आणून ठेवला होता. चाळीस वर्षं काढली या देशात, अजून किल्ला म्हटलं की नगरच दिसतं.

दुसरी आईची. त्यांनी हस्तलिखित एका शॉनी बाईंना वाचायला दिलं होतं, म्हणजे ज्या मूळनिवासी लोकांबद्दल मी लिहिलंय त्यांच्यातल्याच. त्या बाईंनी पहिल्याच प्रकरणाच्या समासात एवढंच लिहिलंय: मुलाची आई कुठे आहे?

आता काय सांगू. माझी नायिका हॅना, विधवा, देवभीरू. तिला किल्ल्याच्या फाटकाशी सहा वर्षांचा उपाशी शॉनी मुलगा सापडतो. ती त्याला आत घेते, न्हाऊ घालते, सॅम्युएल नाव ठेवते आणि पोटच्या पोरासारखा वाढवते. यात आईचं काम काय? आई नाही म्हणूनच तर तो हॅनाला मिळाला. देवीच्या साथीत गेली असं लिहिते. एक परिच्छेद पुरे. पक्कं हस्तलिखित १५ मेपर्यंत द्यायचंय.

नकुलला कामावर फोन करून सांगितलं. म्हणाला, छान झालं आई, आणि मागे कुणाशी तरी सर्व्हरबद्दल बोलायला लागला.

रविवार, ९ फेब्रुवारी

नकुलची रविवारी ड्युटी असते. इथे व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांना शब्बाथ, विश्रांतीचा वार, कळत नाही. म्हणजे रविवार माझा आणि आरोहीचा. सकाळी चर्च, मग वरणभात, आणि चार वाजता टॅब्लेटवर तिच्या आईचा व्हिडिओ फोन.

आई म्हणजे माझी सून देवयानी. डॉक्टर आहे, नागपूरची. परीक्षांवर परीक्षा देऊन तिला गेल्या जुलैत मिशिगनमध्ये ट्रॉयजवळच्या एका हॉस्पिटलात रेसिडेन्सी मिळाली, तीन वर्षांची. पहिलं वर्ष फार दगदगीचं, तेव्हा वर्षभर आरोहीला सांभाळाल का, आई, असं विचारलं. नाही कशाला म्हणू? आमचे हे गेल्यापासून मी या घरात भिंतींशी बोलत होते. नकुल पोरीला घेऊन इथे राहायला आला आणि माझा दिवस दिवसासारखा झाला. डबा, शाळा, गृहपाठ, वेणी. आठ वर्षांची आहे, केस कमरेपर्यंत.

आज आरोही फोनवर खूप हसली. फोन बंद झाल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर रडली. असं दर रविवारी. मी सहा दिवस घडी बसवते आणि रविवारी चारला ती विस्कटते. नर्स म्हणून सांगते, खपली धरायला लागली की तिला सारखा हात लावू नये. देवयानी डॉक्टर असून तिला हे कळू नये?

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी आरोहीला लायब्ररीत नेलं. टॅब्लेट घरी राहिला. परत येऊन बघते तर देवयानीचे तीन कॉल. मेसेज टाकला, झोपली होती, उठवलं नाही. आरोहीने विचारलं, ममाचा फोन आलेला का. म्हटलं, आई बिझी असेल गं.

संध्याकाळभर रडारड नाही. दोन पोळ्या खाल्ल्या. मी पण बसून देवीच्या साथीचा परिच्छेद लिहिला. छान जमलाय, वाचताना माझेच डोळे भरले.

बुधवार, ५ मार्च

परिच्छेद परत आला. त्या शॉनी बाई विचारतात की आई देवीने गेली, तर तिच्या कुशीत झोपणाऱ्या पोराच्या अंगावर एक व्रण नाही, असं कसं? पस्तीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईच्या हातून ही चूक! कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ठीक आहे, आई पुरात वाहून जाईल. शेनान्डोआ नदीला पूर येतातच.

मधल्या दोन्ही रविवारी चार वाजता आम्ही काही ना काही करत होतो. केक केला, पार्कात गेलो, भोपळ्याच्या बिया रंगवल्या. टॅब्लेट मी सरळ माझ्या कपाटातच ठेवते. स्क्रीन कमी झालेला बराच की. आरोही हल्ली विचारत नाही. मूल रुळतं, हे मी म्हणतच होते.

शनिवार, ८ मार्च

आरोहीला घेऊन विंचेस्टरला जाऊन आले, जुन्या किल्ल्याची जागा बघायला. तासभराचा रस्ता. किल्ला कसला, हिरवळ आणि एक पाटी. मी पाटीसमोर वही घेऊन उभी, आणि आरोही त्या रिकाम्या हिरवळीवर गोल गोल पळत होती. मग येऊन विचारते, गेट कुठे होतं आणि ते कुणी उघडायचं. म्हटलं, आतल्यांनी. बाहेरून नसतंच उघडत.

येताना गाडीत बसल्या बसल्या झोपली. मी आरशातून तिच्याकडे बघत होते आणि माझं एक्झिट चुकलं.

रविवार, २३ मार्च

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. देवयानीचा हा लांबलचक मेसेज. तिने दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलंय, शाळा दोन मिनिटांवर. जुलैपासून तिच्या ड्युट्या हलक्या होतात. शेजारी एक मराठी मावशी आहेत, त्या शाळेनंतर बघतील. तेव्हा शाळा सुटली की जूनमध्ये आरोहीला घेऊन जाते. खाली माझे आभार, अगदी मनापासून वगैरे. वर्षभरासाठी हो म्हणाला होतात, आई, तुमचे उपकार विसरणार नाही.

कोण कुठल्या मावशी! आणि मी इथे काय माश्या मारतेय? पोरीच्या मैत्रिणी इथे, शाळा इथे, बाप इथे. संडे स्कूलमध्ये तिला आत्ता कुठे बायबलमधली वचनं पाठ व्हायला लागलीत. तिथे तिला चर्चला कोण नेणार? देवयानी हिंदू घरातली. लग्नाच्या वेळी मी एका शब्दाने काही बोलले नाही, उलट नागपूरला हळदीत सगळ्यांच्या पुढे मी नाचले. पण लेकराच्या प्रार्थनेचं काय, ते मला बघायला नको?

नकुल आल्यावर त्याच्यापुढे मेसेज धरला. त्याला आधीच माहीत होतं. म्हणाला, बघू. मी म्हटलं, काय बघू? तर मोबाईल घेऊन वर निघून गेला. बायको आली की तिचा, मी बोलले की माझा. बापावर गेलाय, दुसरं काय.

मी देवयानीला अजून उत्तर दिलेलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

आज जे ऐकलं ते कुणाला सांगू? म्हणून इथे.

मार्जरीबाईंना पुस्तकाच्या शेवटी माझं एक टिपण हवंय, भारतातल्या बाईने ही गोष्ट का लिहावी म्हणून. मला ते सोपं वाटलं. आमच्या घराची साक्षच लिहायची होती. चर्चमध्ये उभं राहून प्रभूने आपल्याला कसं वाचवलं ते सांगायचं, ती साक्ष. पणजोबा जगन्नाथ यांची साक्ष आमच्याकडे दर नाताळात कुणीतरी सांगायचंच. मोठ्या दुष्काळात आई मेली, सात वर्षांचं पोर रस्त्यावर पडलं, मिशनच्या अमेरिकन मॅडमनी उचललं, बोर्डिंगात वाढवलं, शिकवलं, आणि आज आपण सगळे इथे आहोत. मी ती इतक्यांदा ऐकलीय की झोपेत सांगेन. हॅना म्हणजे खरं तर त्या मॅडमच. गोष्ट मी फक्त व्हर्जिनियात नेली.

साल नक्की करावं म्हणून सकाळी नगरला त्र्यंबककाकांना फोन लावला. बाबांचे धाकटे भाऊ, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण डोकं शाबूत. पणजोबांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी साक्ष वाचून दाखवली, आई मेली इथपर्यंत आले, तसे काका म्हणाले, "सरले, ती मेली नव्हती."

मला वाटलं वयाने गोंधळले. पण ते सरळ सांगत सुटले. घरात दाणा नव्हता म्हणून तिनेच पोराला मिशनच्या दारात आणून सोडलं. दोन वर्षांनी पाऊसपाणी झालं, तशी ती न्यायला आली. मॅडम म्हणाल्या, शिक्षण चालू आहे, पुढल्या वर्षी ये. ती पुढल्या वर्षी आली. त्याच्या पुढल्याही आली. सुगी झाली की फडक्यात भाकरी बांधून यायची आणि कंपाउंडच्या भिंतीशी बसून जायची. पोराला कुणी सांगितलंच नाही. त्याला आई मेली असंच सांगितलेलं. खरं कळलं तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं आणि ती खरोखरच गेलेली होती.

मी विचारलं, मग साक्षीत खोटं का सांगायचं? काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मॅडम वाईट नव्हत्या गं. त्यांना त्याचा लळा लागला होता. खरं सांगितलं असतं तर त्यांची बदनामी झाली असती."

मी फोन ठेवला. किती वर्षं त्या मॅडमचा फोटो आमच्या बैठकीत होता! कसली माया ही? आई दारात बसलीय आणि पोराला पत्ता नाही. देवाचं नाव घ्यायचं आणि लेकराला असं कोंडून ठेवायचं. माझा इतका संताप झाला की चर्चमध्ये लक्ष लागलं नाही, पाळकसाहेबांनी हात पुढे केला तरी मी सलाम करायला विसरले.

चार वाजता टॅब्लेट कपाटात ठेवला. आज माझ्याच डोक्यात इतका कल्लोळ होता की पोरीची रडारड सोसली नसती.

रविवार, २० एप्रिल, पुनरुत्थानाचा दिवस, ईस्टर

नकुलला सुट्टी होती. चारला त्याच्या फोनवर देवयानी आली. आरोही अर्धा तास बोलली, पहिली दहा मिनिटं नुसती हो-नाही, मग सुटली. मी स्वयंपाकघरात होते. नंतर आरोही रडली नाही. गप्प बसून चित्र काढत होती. नकुलने मला विचारलं, ही दर रविवारी बोलते ना. म्हटलं, ती झोपलेली तरी असते, नाहीतर आपण बाहेर तरी असतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोन चार्जिंगला लावला.

मंगळवार, २९ एप्रिल

पूरसुद्धा चालेना. मुलगा वाचतो आणि आई वाहून जाते, मग पोराच्या बापाचं, मावश्यांचं, आजीचं काय, असं त्या शॉनी बाई विचारतात. त्यांच्यात पोर कुणा एकट्याचं नसतं म्हणे. आमच्यात तरी कुठे असतं. मग मी तिला हल्ल्यात मारली. गोळी लागून. ते वाचलं तर मलाच लाज वाटली, इतकं उगाच होतं ते.

आरोही गृहपाठ सोडून माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला गोष्ट सगळी माहीत आहे, मीच सांगते. म्हणाली, "आजी, व्हाय डू यू कीप किलिंग हिज मॉम?"

मी म्हटलं, गोष्टीला लागतं तसं. ती म्हणाली, नाही लागत. इतकं बोलून पेन्सिलीला टोक करायला गेली. मी मघापासून इथे बसलेय आणि एक ओळ सुचत नाहीये. चार वेळा उठून फ्रिज उघडला.

रविवार, ११ मे

मदर्स डे. चर्चमध्ये प्रत्येक आईला एक गुलाबी फूल देतात. आरोहीने दोन मागून घेतली, एक मला दिलं, दुसरं घरी येऊन पाण्यात ठेवलं, आईचं म्हणून. विचारलं, पोस्टाने पाठवता येईल का. म्हटलं, फूल पोस्टाने जात नाही, सोन्या. चारला टॅब्लेट वाजला असणार. आम्ही दोघी माझं फूल वहीत दाबत बसलो होतो.

मार्जरीबाईंकडे महिनाभराची मुदत मागितली. दिली. आता ठरवलंय, आई मरणार नाही. बघू काय होतं ते.

रविवार, २५ मे

संडे स्कूलच्या बाईंनी जुलैतल्या उन्हाळी शिबिराचा कागद दिला. आरोहीचं नाव घालून टाकलं. दोन आठवड्यांचं आहे, शिवाय नाटुकलं आहे, त्यात तिला मेंढपाळाचं काम. देवयानीला आज शेवटी उत्तर पाठवलं: जुलैत शिबिर आहे, मध्येच उचलून नेलंस तर पोरीचा हिरमोड होईल. ऑगस्टमध्ये बघू.

मी बघू म्हटलं. अगदी नकुलसारखं. लिहिताना लक्षात आलं आणि चिडचिड झाली.

मंगळवार, १० जून

सॅम्युएलच्या आईला जिवंत ठेवलं आणि माझी झोप उडाली.

ती आली. सुगी झाल्यावर आली, मक्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधून, आणि फाटकाबाहेर बसली. मी लिहिलेलंही नव्हतं, आपली येऊन बसली. हॅना ओंडक्यांच्या कुंपणावर चढून बघते. मी हॅनाला फाटकाशी पाठवते, एक प्रार्थना म्हणायला लावते, आता उघडेल, आता उघडेल. ती परत घरात जाते आणि सॅम्युएलला म्हणते, बाहेर कुणी नाही. तीन दिवस हेच. मी खोडते आणि लिहायला लागले की बाई पुन्हा तेच बोलते. इतकी देवभीरू बाई, तिला इतका जीव लावून मी लिहिलं, आणि ही खोटं का बोलतेय? वाईट नाही ती. सॅम्युएलचा ताप उतरावा म्हणून रात्र रात्र बसलीय.

दुपारी अंगणात फेऱ्या मारल्या. शेजारची अमेरिकन बाई विचारते, सगळं ठीक ना. म्हटलं, पुस्तक. ती मान डोलावून आत गेली.

मला त्या बाहेरच्या बाईचं नावच माहीत नाही. चार महिने झाले, तीन वेळा मारली, आणि नाव ठेवलं नाही.

शुक्रवार, १३ जून

शाळा सुटली. नकुल बूट काढता काढता जमिनीकडे बघून म्हणाला, देवयानी उद्या येतेय, गाडीने, आणि परवा आरोहीला घेऊन जाणार. शिबिर कॅन्सल केलं त्याने. मला न विचारता. त्याची ट्रॉयजवळ बदली होतेय का ते सप्टेंबरात कळेल, हेही आत्ता सांगतोय. मी ताट वाढलं आणि वर निघून आले.

काय काय भांडण मनात मांडून ठेवलंय. बाप इथे, शाळा इथे, प्रार्थना. सगळं अगदी क्रमाने मांडलंय. येऊ दे तिला.

शनिवार, १४ जून

भांडण झालंच नाही.

पहाटे ट्रॉयहून निघून नऊ तास गाडी चालवून एकच्या सुमाराला आली. आरोही सकाळपासून पुढच्या खिडकीत होती. गाडी वळली तशी उडी मारून दाराकडे पळाली, हात दाराच्या मुठीवर ठेवला आणि थांबली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू यायचं होतं, ते अर्ध्यात अडकलेलं. म्हणाली, "आजी, अ‍ॅम आय अलाउड?"

आपल्या आईकडे जाऊ का म्हणून. मला विचारलं. भीत भीत.

मी आयुष्यात खूप काही पाहिलंय. माणसं मरताना पाहिलीत, माझे हे गेले तेव्हा नाडी माझ्याच बोटांखाली थांबली. पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मी हे केलं. या लेकराला मी हे शिकवलं. मॅडम नाही, हॅना नाही, सरला हिवाळे.  मग मीच पुढे होऊन दार उघडलं.

त्या दोघी ड्राइव्हवेवर किती वेळ होत्या कोण जाणे. मी आत येऊन नळ सोडून उभी राहिले.

रविवार, १५ जून

मार्जरीबाईंना लिहून टाकलं की पुस्तक या वर्षी होणार नाही. साठाव्या पानापासून सगळं चुकलंय, आणि बाहेर बसलेल्या बाईला मी ओळखत नाही, ती ओळख आधी व्हायला हवी. रागावतील. रागावू देत.

आता काल दुपारचं लिहिते. नकुल वर आरोहीची बॅग भरायला गेला, आणि मी देवयानीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. म्हटलं, हँडओव्हर देते. ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटचं सगळं सांगते, तसं. तिने पर्समधून छोटी वही काढली, डॉक्टर असली तरी मुकाट्याने लिहायला लागली.

मी क्रमाने सांगितलं. साडेआठला झोपते, दार किलकिलं लागतं. दूध नुसतं पीत नाही, त्यात वेलची हवी. वरचा डावा दात हलतोय. गणितात भागाकाराला घाबरते. वेणी घट्ट घातली की डोकं दुखतं पण सांगत नाही, कपाळ बघायचं. बुटाचं माप दोन. वादळाचा भोंगा वाजला की न्हाणीघरात जाऊन बसते, तिथे तिच्याशेजारी बसायचं, बोलायचं नाही. झोपताना प्रार्थना करते, पण ती आरोहीची सवय, तिला हवी असेल तर करू दे, नको असेल तर राहू दे. ती लिहीत होती, आणि तिच्या हाताला हॉस्पिटलच्या साबणाने पडलेल्या भेगा मला पहिल्यांदा दिसत होत्या.

मग शेवटचं सांगितलं. "रविवारी चार वाजता ती तुझ्या फोनची वाट बघायची. मी टॅब्लेट कपाटात ठेवायचे. तिला सांगायचे, आई बिझी आहे. तुला सांगायचे, ती झोपलीय."

देवयानीचं पेन थांबलं. मला वाटलं आता फेकून मारेल काहीतरी, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "मला वाटायचं, तिलाच माझ्याशी बोलायचं नाहीये." मग म्हणाली, की पहिल्या महिन्यात आरोही तिला म्हणाली होती, तू ड्युटीच्या निळ्या कपड्यांत ममा वाटत नाहीस. म्हणून ती दर रविवारी धावत घरी जायची, अंघोळ करायची, चांगला ड्रेस घालायची, केस विंचरायची आणि चारला फोन समोर घेऊन बसायची. पाच वाजेपर्यंत बसायची. मग पुन्हा निळे कपडे चढवून ड्युटीवर.

मी म्हटलं, मला माफ कर. ती माझ्याकडे बघत होती, डोळे कोरडे, खूप दमलेले. म्हणाली, "माझ्याकडे नको, आई. तिच्याकडे मागा."

रात्रभर डोक्यात तेच. आज सकाळी गाडीत सामान ठेवून झालं, देवयानी मुद्दाम आत पाणी प्यायला गेली. मी ड्राइव्हवेवर गुडघे टेकले, गुडघ्यांनी आरडाओरडा केला, करू दे. आरोहीचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, आई बिझी नसायची. तिचा फोन यायचा. मी तो लपवायचे आणि तुझ्याशी खोटं बोलायचे, कारण तू जाशील याची मला भीती वाटायची. मला माफ करशील का.

ती माझ्याकडे बघत राहिली. समजून घेत होती, डोळे बारीक करून, भागाकार करताना करते तसे. मग विचारलं, "एव्हरी संडे?"

"ईस्टरचा सोडून," मी म्हटलं.

तिने हात सोडवून घेतले, गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली आणि बेल्ट स्वतःच लावला.